जुना नकाशा छापण्याआधी: कागद कोणाचा आणि हक्क कोणाचा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बेलापूर परिसरातील एका गावाचा इतिहास आपला गट पुस्तकरूपाने काढत आहे. त्यासाठी चार नकाशे निवडले आहेत, आणि ठाण्यातील मुद्रक म्हणतो की प्रत्येक नकाशाचे ना हरकत पत्र आणल्याशिवाय छपाई सुरू करणार नाही. पहिला नकाशा गावातील एका घरच्या ट्रंकेत सापडलेला, १८८० च्या दशकातील छापील गाव नकाशा आहे. दुसरा मुंबई बंदराचा एकोणिसाव्या शतकातील नाविक नकाशा. तो एका परदेशी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतला असून ते ग्रंथालय छपाईसाठी शुल्क मागत आहे. तिसरा पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहात, पाहिलेला, खारबंदिस्तीचा (खाडीचे खारे पाणी अडवणाऱ्या बांधांचा) हाताने काढलेला नकाशा, आणि चौथा १९७३ च्या नवी मुंबई प्रारूप विकास आराखड्यातील एक पान. शेवटी आपण विचारता, "शंभर वर्षे उलटली की सगळे मोकळे, असे धरून चालावे का?"

गेली एकवीस वर्षे मी ठाण्यात जुने नकाशे शोधण्याचे, त्यांच्या नकला मिळवण्याचे आणि ते पुस्तकांसाठी व संशोधनासाठी तयार करून देण्याचे काम करतो. मी वकील नाही. मोठ्या खर्चाच्या किंवा वादाच्या प्रसंगी वकिलाचा सल्ला घ्यावाच. परंतु आपल्यासमोरची अडचण बहुतांशी कायद्याच्या कलमांची नाही. वेगवेगळ्या गोष्टींना एकच "परवानगी" हे नाव पडल्यामुळे ती निर्माण झाली आहे, आणि त्या गोष्टी सुट्या केल्या की चारपैकी दोन नकाशांचा प्रश्न लगेच सुटतो.

कोणत्याही जुन्या नकाशाभोवती चार गोष्टी असतात. कागद कोणाच्या ताब्यात आहे, ही पहिली. त्या कागदावरील रेखाटनाचा प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, कोणाचा आहे आणि तो अजून जिवंत आहे का, ही दुसरी. कागदाच्या स्कॅनवर किंवा छायाचित्रावर कोणी वेगळा हक्क सांगत आहे का, ही तिसरी. आणि प्रत घेताना आपण कोणत्या अटींवर सही केली किंवा संकेतस्थळावर "मान्य आहे" असे दाबले, ही चौथी. ज्याच्याकडे कागद असतो तो हक्काच्या भाषेत बोलू लागतो आणि ज्याला नकाशा हवा असतो तो ती भाषा मान्य करून टाकतो, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. वास्तविक कागद विकत घेतल्याने, वारशाने मिळाल्याने किंवा कपाटात सांभाळल्याने त्यावरील रेखाटनाचा प्रताधिकार मिळत नाही.

आता कायद्याचा जेवढा भाग लागतो तेवढा सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नकाशा हा कलाकृतीच्या व्याख्येत येतो. व्यक्तीने केलेल्या आणि तिच्या हयातीत प्रकाशित झालेल्या नकाशाला तिच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे संरक्षण असते. नकाशा शासकीय असेल, तर कलम २८ प्रमाणे तो प्रथम प्रकाशित झाला त्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे मोजली जातात. म्हणजे शासनाने १९६० साली प्रथम छापलेला नकाशा १ जानेवारी २०२१ रोजी मुक्त झाला, आणि १९७५ चा नकाशा २०३५ सालच्या अखेरीपर्यंत शासनाच्या हक्कात राहील. त्यामुळे शंभर वर्षांचा आपला हिशेब छापील शासकीय नकाशांच्या बाबतीत उगाच कडक आहे. मात्र एका प्रकारच्या नकाशाच्या बाबतीत तोच हिशेब आपल्याला अडचणीत आणू शकतो. त्याकडे पुढे येतो.

ट्रंकेतील गाव नकाशाचे उत्तर सोपे आहे. त्याच्या समासातील बारीक अक्षरे भिंगाखाली वाचा. मुंबई इलाख्यातील पुष्कळ गाव नकाशे पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्यात छापले गेले, आणि छापखान्याचा उल्लेख व वर्ष बहुधा तळाशी सापडते. तेथे १८८० च्या दशकातील वर्ष असेल, तर प्रताधिकार केव्हाच संपला आहे आणि कोणत्याही कार्यालयाच्या ना हरकत पत्राची गरज नाही. ज्यांच्या घरी तो सापडला त्यांची संमती लेखी घ्यावी, कारण कागद त्यांचा आहे आणि त्यांनी तो सांभाळला म्हणून आपल्याला दिसला. पुस्तकात त्या घराचा ऋणनिर्देश करावा. घडीवरची चीर चिकटपट्टीने जोडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण तिचा गोंद काही वर्षांत कागद पिवळा करतो आणि शाई खातो.

परदेशी ग्रंथालयाच्या नाविक नकाशाबाबत थोडे सविस्तर लिहितो. ब्रिटिश नौदलाच्या जलसर्वेक्षण विभागाने एकोणिसाव्या शतकात छापलेल्या नकाशावर आज कोणाचाही प्रताधिकार नाही. ब्रिटनमध्ये राजसत्तेच्या प्रकाशित कृतींना प्रकाशनानंतर ५० वर्षे संरक्षण असते आणि ती मुदत कधीच उलटली आहे. मग ग्रंथालय शुल्क कशाच्या आधारावर मागते? एकतर ते स्कॅनवर स्वतःचा हक्क सांगत असेल, नाहीतर संकेतस्थळाच्या अटींवर बोट ठेवत असेल. पत्र पाठवून हाच प्रश्न नम्रपणे विचारावा, कारण पुढचे पाऊल त्याच्या उत्तरावर ठरते.

सपाट कागदाची हुबेहूब प्रतिमा काढली म्हणून नवा प्रताधिकार जन्माला येतो का, यावर जगभर बराच ऊहापोह झाला आहे. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ब्रिजमन विरुद्ध कोरेल या खटल्यात १९९९ साली सांगितले की मुक्त झालेल्या चित्राच्या तंतोतंत छायाचित्रात स्वतंत्र निर्मिती नसते. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात, मुक्त झालेल्या दृश्यकृतीच्या साध्या पुनरुत्पादनाला संरक्षण नाही, अशी स्पष्ट तरतूद केली. भारतात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात केवळ मेहनत आणि खर्च एवढ्यावर प्रताधिकार मिळत नाही, त्यासाठी कौशल्य, विवेक आणि थोडी तरी सर्जनशीलता लागते, असे ठरवले. तो वाद न्यायनिर्णयांच्या संपादित आवृत्त्यांविषयी होता, नकाशांविषयी नव्हता. म्हणून मी त्याला भक्कम आधार म्हणतो, अखेरचा शब्द म्हणत नाही. तरीही माझे मत ठाम आहे. मोठ्या स्कॅनरवर नकाशा पसरून, रंग मूळ कागदाशी जुळवून काढलेली प्रतिमा कितीही कष्टाची असली, तरी तिचे यश ती मुळापासून किती थोडी वेगळी आहे यावर मोजले जाते, आणि जिथे वेगळेपण टाळणे हेच उद्दिष्ट असते तिथे नव्या निर्मितीचा दावा टिकणे अवघड आहे.

याचा अर्थ ग्रंथालयाच्या अटी धुडकावाव्यात असा होत नाही. मला स्वतःला हा धडा मिळाला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी ठाणे खाडीवरील एका पुस्तकासाठी मी एका संस्थेकडून दीडशे वर्षांपेक्षा जुन्या नकाशाची प्रतिमा घेतली. अर्जात "एका आवृत्तीपुरता वापर" असे छापले होते आणि मी सही केली. पुस्तक चांगले चालले, दुसरी आवृत्ती निघाली, आणि महिन्याभरात संस्थेचे पत्र आले. नकाशावर कोणाचाही प्रताधिकार नव्हता, परंतु माझी सही होती आणि सही केलेला करार मोडला होता. प्रकाशकाला दुसऱ्यांदा शुल्क भरावे लागले आणि मला त्यांच्याकडे जाऊन माफी मागावी लागली. तेव्हापासून मी अर्जावर सही करण्यापूर्वी आवृत्तीची संख्या, ई-पुस्तक, मुखपृष्ठ आणि अनुवाद हे चार शब्द शोधतो, आणि ते नसतील तर हाताने लिहून घेतो.

म्हणून आपणही ती प्रतिमा उतरवताना कोणत्या अटी मान्य केल्या ते आधी पाहावे. अटींमध्ये व्यावसायिक छपाईला मनाई असेल, तर त्या ग्रंथालयाशी वाद घालण्यापेक्षा त्याच नकाशाची दुसरी प्रत शोधणे शहाणपणाचे ठरते. छापील नकाशाच्या अनेक प्रती असतात आणि एका संस्थेची अट दुसऱ्या संस्थेच्या प्रतीला लागू होत नाही. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जुन्या नकाशांचा संग्रह आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरही जुने नकाशे मोठ्या आकारात पाहता येतात आणि हक्कांविषयीची टीप प्रत्येक संग्रहासोबत दिलेली असते. शोध घेताना आजची नावे टाकून भागत नाही. ठाण्यासाठी "थाना" आणि "टन्ना", साष्टीसाठी "साल्सेट", उरणसाठी "करंजा", घारापुरीसाठी "एलिफंटा" अशी जुन्या इंग्रजी सूच्यांतील रूपे रोमन लिपीत टाकून पाहावी लागतात, आणि पनवेल-उरणकडील गावे रायगडऐवजी कुलाबा जिल्ह्याखाली सापडतात, कारण जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये बदलले.

आता तिसरा नकाशा, आणि माझ्या मते आपल्या चारही नकाशांतील सर्वांत मोलाचा. अशा एका नकाशासमोर मी एकदा संपूर्ण दुपार घालवली होती. तो कापडावर डकवलेला होता आणि उलगडताना दोन माणसे लागली. खाडीचे पाणी फिकट निळ्या रंगाच्या एकाच हाताने भरलेले होते. भरतीची रेषा तुटक होती, खारबांध दुहेरी रेघेने दाखवले होते आणि बांधातील उघाड्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या वाटा, लहान चौकोनांनी. एका उघाडीशेजारी पेन्सिलीने मोडीत दोन शब्द लिहिले होते आणि नंतर कोणीतरी ते खोडायचा प्रयत्न केला होता. आज त्या जागी रस्ता आणि इमारती आहेत. बांध नेमका कुठून जात होता हे सांगणारा दुसरा पुरावा शोधायला मी पुष्कळ फिरलो, मला तो सापडला नाही. असा नकाशा लोकांसमोर यावा ही आपली तळमळ मला पूर्णपणे समजते.

परंतु अडचण इथेच आहे. शासकीय कृतीची ६० वर्षांची मुदत प्रथम प्रकाशनापासून मोजली जाते, आणि हाताने काढलेला, कधीही छापला न गेलेला नकाशा प्रकाशित झालेलाच नसतो. त्यामुळे तो दीडशे वर्षांचा असला, तरी कायद्याच्या काटेकोर वाचनाप्रमाणे त्याचे घड्याळ सुरूच झालेले नाही. ग्रंथालयांत व संग्रहालयांत ठेवलेल्या अप्रकाशित साहित्यासाठी कलम ५२ मध्ये एक सवलत आहे, परंतु तिच्यात साहित्य, नाट्य आणि संगीत या कृतींचाच उल्लेख आहे. नकाशा कलाकृतीत मोडतो, म्हणून त्या सवलतीवर विसंबून राहू नये. शंभर वर्षांचा नियम अडचणीत आणतो तो इथे. या एका नकाशासाठी मुद्रकाचा आग्रह मी योग्य मानतो.

पुराभिलेखागारातील नोंदी संशोधकांसाठी खुल्या असणे आणि त्यांची प्रतिमा पुस्तकात छापण्याची मुभा असणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. वाचनकक्षात नकाशा पाहण्याची परवानगी मिळाली किंवा टिपणासाठी प्रत मिळाली, म्हणून प्रकाशनाची परवानगी मिळाली असे होत नाही. प्रकाशनासाठी संचालकांच्या नावे स्वतंत्र अर्ज करावा आणि त्यात खात्याचे नाव, खंड क्रमांक, वर्ष, पान किंवा नकाशा क्रमांक, पुस्तकाचे नाव, छापायच्या प्रतींची संख्या आणि ई-पुस्तक निघणार आहे का, हे सर्व पहिल्याच वेळी लिहावे. अर्ज परत येण्याचे कारण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा अपुरा नकाशा क्रमांक हेच असते. "बेलापूरचा जुना नकाशा" एवढ्यावरून तेथील माणूस काहीही शोधू शकत नाही, आणि त्यात त्याची चूक नसते.

चौथा, म्हणजे १९७३ च्या आराखड्यातील नकाशा, अजून हक्कात आहे. तो आराखडा सिडकोचा आहे. सिडको ही नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये स्थापन झालेली शासकीय मालकीची कंपनी आहे, आणि सार्वजनिक उपक्रमांच्या कृतींनाही प्रकाशनानंतर ६० वर्षेच मिळतात. ती २०३३ च्या अखेरीस संपतील. सिडकोकडे लेखी परवानगी मागणे हा सरळ मार्ग आहे. त्यांच्याकडून उत्तर येईपर्यंत आपल्याला थांबायचे नसेल, तर आणखी एक मार्ग आहे, पण तो नीट समजून घ्यावा. प्रताधिकार रेखाटनाला असतो, वस्तुस्थितीला नसतो. कोणती गावे प्रकल्पात आली, रेल्वेमार्ग कुठून आखला होता, गावठाणे कुठे होती, ही माहिती कोणाच्या मालकीची नाही. ती माहिती राजपत्रातील अधिसूचना, मुक्त झालेले जुने नकाशे आणि प्रत्यक्ष पाहणी यांतून घेऊन आपण स्वतंत्र नकाशा काढला, तर तो आपला आणि त्यावरचा हक्कही आपला. मात्र आराखड्याचे पान खाली ठेवून त्याच रेघा गिरवल्या आणि नावे तेवढी मराठीत लिहिली, तर ती नक्कलच राहते. आजच्या रस्त्यांचा पाया हवा असेल तर ओपन स्ट्रीट मॅप हा इंटरनेटवरील मुक्त नकाशा वापरावा. श्रेय दिल्यावर त्याच्या आधारे छापील नकाशा करता येतो. गूगलच्या नकाशावरून गिरवणे त्यांच्या अटींत बसत नाही.

त्या पानावर आपण खरोखर समीक्षा लिहिणार असाल, म्हणजे आराखड्यात गावठाण कसे दाखवले आणि प्रत्यक्षात काय झाले याची तपासणी करणार असाल, तर समीक्षेसाठीच्या रास्त वापराची तरतूदही उपयोगी पडते. पण ती परिस्थितीवर अवलंबून आहे. मजकुराला आवश्यक तेवढा भाग घेतला का, श्रेय दिले का, की पान केवळ शोभेसाठी छापले, हे पाहिले जाते. पूर्ण पान रंगीत छापून खाली एक ओळ लिहिली, तर मी त्याला समीक्षा म्हणणार नाही.

आपण विचारले नाही, तरी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक पत्रकांविषयी (टोपोशीट) थोडे सांगणे आवश्यक वाटते, कारण पुस्तक जसजसे पुढे जाते तसतसा प्रत्येक लेखकाला त्यांचा मोह पडतो. ठाणे शहर ४७ ए/१६ या पत्रकावर येते आणि बेलापूरकडचा भाग ४७ ई/४ वर. या पत्रकांवर मोजणीचे वर्ष, प्रकाशनाचे वर्ष आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष ही तीन वर्षे वेगवेगळी असू शकतात. ६० वर्षे प्रकाशनापासून मोजायची असतात, मोजणीपासून नाही, आणि पुनर्मुद्रणात नवे रस्ते किंवा वस्त्या घातल्या असतील तर त्या भरीला तिचे स्वतःचे वर्ष लागते. किनाऱ्यालगतच्या जुन्या पत्रकांवर "प्रतिबंधित" असा शिक्का दिसल्यास तो सुरक्षेचा प्रश्न असतो. प्रताधिकार संपल्याने तो आपोआप सुटत नाही. केंद्र शासनाच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशांवरील निर्बंध पुष्कळ सैल केले आहेत, तरी शिक्का असलेले पत्रक छापण्यापूर्वी विभागाला विचारावे.

आपल्या पत्रात ओझरता उल्लेख आहे की गावातील काही कुटुंबांना हेच नकाशे गावठाणाच्या हद्दीच्या दाव्यासाठीही हवे आहेत. त्यांचा मार्ग पुस्तकापेक्षा सोपा आहे आणि तो त्यांना जरूर सांगावा. न्यायालयीन कामासाठी केलेली नक्कल प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. गाव नकाशा आणि टिपण, फाळणी या जमीन मोजणीच्या नोंदी यांच्या प्रमाणित नकला उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे नक्कल अर्ज करून मिळतात. माहिती अधिकारात नकाशा मागितल्यावर "हा कॉपीराइट आहे" असे उत्तर आले, तर २००५ च्या कायद्याचे कलम ९ दाखवावे. त्या कारणावरून नकार तेव्हाच देता येतो जेव्हा प्रताधिकार राज्याव्यतिरिक्त अन्य व्यक्तीचा असतो. शासनाचा स्वतःचा प्रताधिकार हे नागरिकाला नकाशा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. जुन्या टिपणांवरील मापे वाचताना जमीन मोजण्याची ३३ फुटी साखळी आणि तिचे १६ भाग, म्हणजे आणे, लक्षात ठेवावेत, म्हणजे १०८९ (३३ × ३३) चौरस फुटांचा गुंठा कुठून आला ते कळते आणि मापे जुळवताना गोंधळ होत नाही.

मुद्रकाला काय द्यायचे ते शेवटी सांगतो. गाव नकाशासाठी प्रकाशनवर्ष दिसणाऱ्या समासाचे छायाचित्र आणि त्या घराची संमती. नाविक नकाशासाठी, अटींचा अडसर नसलेली प्रत मिळाल्यावर, तिच्या हक्कविषयक टिपेची छापील प्रत. या दोन्हींबरोबर मुदत संपल्याचे आणि जबाबदारी आपली असल्याचे आपल्या गटाचे स्वाक्षरीत पत्र जोडावे. बहुतेक मुद्रक एवढ्यावर समाधान मानतात, कारण त्यांना आधार हवा असतो, वाद नको असतो. प्रत्येक नकाशाखाली त्याचे वर्ष, तो कोणी छापला किंवा काढला आणि प्रत कोठून मिळाली, हे कायदा मागो वा न मागो, छापावे. पुढच्या अभ्यासकाला मूळ कागदापर्यंत जाण्याची तीच वाट असते. आराखड्याच्या पानाऐवजी स्वतंत्र नकाशा काढायचा असेल तर त्याला तीन-चार आठवडे धरावेत. खारबंदिस्तीच्या नकाशाचा अर्ज मात्र याच आठवड्यात द्यावा, आणि उत्तर येईपर्यंत त्या पानाची जागा राखून बाकीचे फर्मे, म्हणजे छपाईचे पानगट, मुद्रकाकडे पाठवायला हरकत नाही.